अनोळखी इंजिन, जुनी फ्रेम आणि पुन्हा पुन्हा तुटणारी प्रायमरी चेन

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. जुन्या मोटरसायकलीच्या फ्रेममध्ये कुठून तरी मिळालेलं, धड नाव-गाव नसलेलं इंजिन बसवलेलं असतं. ते सुरू होतं, आवाजही झकास येतो. मग थोडं चालवलं की प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनापासून क्लचपर्यंत जाणारी चेन, सैल पडते, नाहीतर तारेसारखी ताठ होते. इंजिनाचे बोल्ट ढिले होतात, आवळले की पुन्हा ढिले होतात. शेवटी चेन तुटते किंवा क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचाचा) एखादा कान, म्हणजे बोल्ट घालायचा उंचवटा, तडकतो. त्यावर नवी चेन, जास्त दणकट बोल्ट, स्प्रिंग वॉशर, थ्रेडलॉक असे उपाय होतात आणि तक्रार परत येते.

यात बोल्टचा दोष क्वचितच असतो. भोकं जुळली, किंवा जुळवून घेतली, म्हणून इंजिन तिथे अडकवलेलं असतं. त्याची जागा कोणी ठरवलेलीच नसते. दुसरं म्हणजे हे इंजिन मूळच्या ज्या गाडीतून आलं तिथे त्याचा झटका दुसराच एखादा भाग सोसत होता, आणि तो भाग मागेच राहिलेला असतो. बाकीचे रोग या दोन मुळांतून फुटतात.

आधी तुटलेली चेन बघा

तुटलेली चेन फेकू नका. रॉकेलने धुऊन उजेडात धरा आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दातही शेजारी बघा.

इंजिनाच्या स्प्रॉकेटचे दात आतल्या अंगाने घासलेले आणि क्लचच्या स्प्रॉकेटचे बाहेरच्या अंगाने (किंवा बरोबर उलटं) दिसले, तर दोन्ही शाफ्ट समांतर आहेत, पण स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. हा सोपा रोग, एका स्पेसरने बरा होतो. पण एकाच स्प्रॉकेटवर खुणा असतील, किंवा क्लचच्या स्प्रॉकेटला सरळ पोलादी पट्टी लावल्यावर ती इंजिनाच्या स्प्रॉकेटला वरच्या बाजूला टेकते आणि खालच्या बाजूला फट राहते, तर शाफ्टच वाकडा बसला आहे. तिथे कितीही वॉशर घाला, उपयोग नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स फ्रेममध्ये तिरका आवळला गेला आहे.

दात दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहेत, पण रोलर फुटलेत किंवा कड्यांच्या पट्ट्या भोकापाशी चिरल्यात, असं असेल तर रेषेकडे बघू नका. तो झटक्याचा मार आहे. त्याआधी चेनलॉक तेवढा तपासा: त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटा बसवलेला चेनलॉक निसटून चेन गेली असेल, तर उगीच मोठी कारणं शोधत बसाल.

आणखी एक खूण फार बोलकी असते: फेरी मारून आल्यावर चेन सैल झाली की ताठ? चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवून आल्यावर ती ताठ झाली असेल, तर गिअरबॉक्स मागे सरकला आहे. कारण सोपं आहे. खालच्या गिअरमध्ये मागची चेन गिअरबॉक्सला जेवढ्या जोराने मागे ओढते, त्याच्या कितीतरी कमी जोराने प्रायमरी चेन त्याला पुढे ओढते. क्लचची गतिघट आणि गिअरची गतिघट यांचा गुणाकार होऊन तो ताण मागच्या चेनवर येतो. या गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा असतो आणि खाचेत पुढे-मागे सरकवून प्रायमरी चेनला ताण देतात. त्यामुळे त्याचा बोल्ट जरा जरी घसरला, तरी गिअरबॉक्स मागेच जातो. अशा वेळी प्रायमरी चेन सैल करून देणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखं आहे. ताण द्यायच्या स्क्रूचा नट, खाचेतली चकती आणि खाचेचं तोंड बघा. तोंडावर खळगा पडला असेल तर बोल्ट त्या खळग्यातच जाऊन बसणार.

कोण सरकतंय हे ओळखायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पांढरा पेंट. इंजिन प्लेट (इंजिन फ्रेमला जोडणारी पोलादी पट्टी) आणि फ्रेमचा कान, प्लेट आणि क्रँककेस, गिअरबॉक्स आणि त्याची खाच, अशा प्रत्येक जोडावर आडवी बारीक रेघ ओढा आणि फेरी मारून या. जिथे रेघ तुटली, तो जोड गुन्हेगार.

इंजिन नेमकं कोणतं

नुसत्या नंबरावर विसंबू नका. नंबर असेल तर उत्तमच. जे.ए.पी. या ब्रिटिश कंपनीच्या इंजिनावर १९२० ते १९२८ या काळात सालासाठी एक अक्षर असे, आणि ती नऊ अक्षरं ओळीने लावली की 'न्यूमॅटिक' हा इंग्रजी शब्द तयार होतो: पी म्हणजे १९२०, एन १९२१, असं करत सी म्हणजे १९२८. ज्याला हे माहीत आहे तो इंजिनाचं साल वाचतो, बाकीच्यांना ते निरर्थक अक्षर वाटतं. पण नंबर पुसलेला असतो, पुन्हा ठोकलेला असतो, किंवा खरा असूनही क्रँककेसच्या एकाच अर्ध्या भागाचा असतो. दोन्ही अर्ध्यांच्या तळाशी, जोडाच्या दोन बाजूंना, बऱ्याच कारखान्यांनी जोडीचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळत नसतील तर दोन इंजिनांचे अर्धे भाग एकत्र आले आहेत, आणि मेन बेअरिंगं एका रेषेत असतील याची हमी नाही. हे फ्रेममध्ये बसवण्याआधी कळलेलं बरं.

भरवशाचं साधन म्हणजे माप. आणि मोजायचं ते आधी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव; बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. बोअर रिबोअर करून वाढतो, स्ट्रोक झिजत नाही. हेड काढा, पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना डेप्थ गेजने माप घ्या, वजाबाकी करा. ८८ मिलिमीटर आलं तर बीएसए बी३१ किंवा बी३३ डोक्यात आणा. पहिल्याचा बोअर ७१, दुसऱ्याचा ८५. ९० आलं तर ७० बोअरची रॉयल एनफिल्ड ३५० बुलेट. ९३ म्हणजे मॅचलेस; ६९ बोअर असेल तर जी३एल. ७९ बोअरला १०० स्ट्रोक ही नॉर्टनची जुनी ४९० सीसीची जोडी. रिबोअर केलेल्या बुलेटचा बोअरही ७१ भरू शकतो, म्हणून नुसत्या बोअरवरून तिला बी३१ म्हणणारे भेटतात. आणि बीएसए एम२० व एम२१ बाहेरून इतकी सारखी, की फरक स्ट्रोकच सांगतो: बोअर दोघांचा ८२, पण एम२० चा स्ट्रोक ९४ आणि एम२१ चा ११२. एक ४९६ सीसीचं, दुसरं ५९१.

अर्थात मापही एकटं पुरत नाही. ७१ × ८८ ही जोडी नॉर्टनच्या ३५० मध्येही आहे. तिथे आटे मदतीला येतात. पिच गेज लावा. ५/१६ आणि ३/८ इंच अशा दोन्ही बोल्टांना इंचाला २६ आटे असतील तर ते सायकल थ्रेड, म्हणजे जुन्या ब्रिटिश सायकल-मोटरसायकलींचे आटे. ५/१६ ला २२ आणि ३/८ ला २० असतील तर बीएसएफ, हे ब्रिटिश बारीक आटे. पाव इंचाच्या बोल्टवरून निष्कर्ष काढू नका, तिथे दोन्हींचे आटे २६ च असतात आणि फरक फक्त कोनात असतो. सगळे आटे मेट्रिक निघाले तर इंजिन ब्रिटिश असण्याची शक्यता जवळजवळ संपली.

मोटरसायकलीचंच इंजिन आहे ना, हेही बघा. जे.ए.पी. आणि व्हिलिअर्स या दोन ब्रिटिश कंपन्यांनी मोटरसायकल कंपन्यांना इंजिनं पुरवली तशीच शेतीच्या आणि उद्योगांच्या यंत्रांनाही पुरवली. गव्हर्नरचा (वेग आपोआप ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा, थंड हवेसाठी पत्र्याचं कवच, खाली सपाट पाय, बाहेर आलेला टेपर (निमुळता उतार) नसलेला सरळ शाफ्ट, यातलं काही दिसलं तर थांबा. अशा इंजिनाला मोटरसायकलीचं स्प्रॉकेट घट्ट बसवणं हाच एक वेगळा उद्योग होतो.

फिरण्याची दिशा तपासणं पाच मिनिटांचं काम आहे आणि ते कोणी करत नाही. प्रायमरी चेन असलेल्या गाडीत इंजिन चाकांच्याच दिशेने फिरायला हवं, म्हणजे उजव्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. प्लग काढा, इंजिन त्या दिशेने हळू फिरवा. ज्या क्षणी एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडायला लागतो, तिथून पुढे कार्ब्युरेटरच्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला हवा. सायलेन्सरच्या बाजूचा उघडत असेल तर हे इंजिन उलट दिशेचं आहे. ते जबरदस्तीने चालत नाहीच, शिवाय गिअरचा ऑइल पंपही उलटा ढकलायला लागतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच्या दिशेचं सोयरसुतक नाही. ठिणगीचं टायमिंग बिघडलं की ते खुशाल उलटं सुरू होतं. मॅग्नेटोला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्राला) मात्र दिशा असते, आणि व्ही-ट्विनच्या, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या, मॅग्नेटोला तर दोन सिलिंडरमधला कोनही. ५० अंशांच्या जे.ए.पी. ट्विनचा मॅग्नेटो ४२ अंशांच्या इंडियनवर बसवला तर एका सिलिंडरची ठिणगी कायम चुकीच्या जागी पडणार.

झटका कोण सोसतं

सिंगल सिलिंडर इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच ढकलतं. तो धक्का चेनपर्यंत जसाच्या तसा जाऊ नये म्हणून प्रत्येक कारखान्याने कुठे तरी एक मऊ जागा ठेवली, पण प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी. बीएसए एम२० आणि मॅचलेस जी३एल यांच्यात ती इंजिनाच्या शाफ्टवर आहे: जाड स्प्रिंग आणि एकमेकांवर घसरणारे दोन कंगोरे. नॉर्टनने क्लचच्या पोटात रबरं घातली. एनफिल्ड बुलेटने ती मागच्या हबमध्ये नेली.

आता जोड्या लावून बघा. बुलेटचं इंजिन घेतलं, त्याला शाफ्टवर स्प्रिंग नाही. गिअरबॉक्स बर्मन कंपनीचा, ज्याच्या मूळ गाडीत स्प्रिंग इंजिनावरच होती, म्हणून त्याचा क्लच भरीव, रबराशिवायचा. मागचा हब साधा. म्हणजे पिस्टनपासून टायरपर्यंत कुठेच मऊ जागा उरली नाही. रोलर फुटणार, स्प्रॉकेटची चावी (स्प्रॉकेट शाफ्टवर अडवून धरणारा पोलादी तुकडा) कापली जाणार, गिअरचे दात उडणार. चेन कितीही महागाची लावा.

मला पटणारे उपाय दोन: शाफ्टवर बसेल असा स्प्रिंगचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर शोधायचा, किंवा रबराचा क्लच सेंटर घालायचा. मागचा हब बदलणंही शक्य असतं, पण त्याने प्रायमरी चेनला आराम सगळ्यात कमी मिळतो, म्हणून माझी पसंती नेहमी इंजिनाच्या जवळच्या जागेला. स्प्रिंगवाला असेल तर नट गच्च आवळल्यावर तो हलतो का, हे बघा. चुकीच्या जाडीचा स्पेसर टाकला की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर असून नसल्यासारखा होतो. हे बाहेरून अजिबात दिसत नाही.

स्प्रॉकेट टेपरवर असेल तर ताण टेपरने घ्यायचा असतो, चावीने नाही. निळा रंग लावून स्प्रॉकेट बसवा, काढा, रंग सगळीकडे लागला का ते बघा. फक्त एका कडेला लागला तर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने टेपर घासून जुळवा. नाहीतर चावी आठवड्याला एक लागेल.

जागा मागून पुढे ठरते

इथे सगळ्यांची गल्लत होते. माणूस इंजिन फ्रेममध्ये टेकवतो, भोकं बघतो आणि प्लेटा कापायला घेतो. खरं तर इंजिन ही सगळ्यात शेवटी ठरणारी गोष्ट आहे. मागचं चाक फ्रेमच्या मध्यात बसलं की मागचं स्प्रॉकेट ठरलं. त्याच्या रेषेत गिअरबॉक्सचं छोटं स्प्रॉकेट आलं की गिअरबॉक्स ठरला. गिअरबॉक्स ठरला की क्लच ठरला. आणि क्लचच्या रेषेत इंजिनाचं स्प्रॉकेट येईल तिथे इंजिन. ते फ्रेमच्या मध्यापासून काही मिलिमीटर बाजूला आलं तरी चालतं. कारखान्यातून आलेल्या कितीतरी गाड्यांत इंजिन बरोबर मध्यात नसतं. दिसायला मध्यात आणि चेन तिरकी, यापेक्षा हे बरं.

म्हणून आधी गिअरबॉक्स खाचेच्या मधोमध आवळा, म्हणजे पुढे ताण द्यायला दोन्हीकडे जागा राहते. इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर आणि पाचरींवर ठेवा, एकही बोल्ट न घालता. सरळ पट्टी लावून स्प्रॉकेट जुळवा, वर आणि खाली दोन्हीकडे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडू नका. शाफ्ट समांतर आहेत का हे दोन्ही शाफ्टच्या टोकांतलं आणि मुळांतलं अंतर मोजून कळतं.

इथेच, ठोकळ्यांवर असतानाच, बाकीची अडचण बघून घ्या. टाकी बसवल्यावर रॉकर बॉक्स किंवा हेड निघेल का? कार्ब्युरेटर सीटच्या नळीला किंवा ऑइल टाकीला धडकतो का? मॅग्नेटो गिअरबॉक्सवर चढतो का? एक्झॉस्ट पुढच्या नळीला लागतो का? हेड उतरवायला प्रत्येक वेळी अख्खं इंजिन काढावं लागणार असेल तर आत्ताच ते थोडं खाली किंवा पुढे घ्या.

सगळं जमलं की प्लेटचा नमुना पातळ प्लायवूडचा कापा. पुठ्ठा वाकतो आणि खोटं सांगतो. प्लायवूड बसलं की मग पोलाद. जाडी फ्रेमच्या मूळ प्लेटांएवढी ठेवा. भोकं थोडी लहान पाडून रीमरने मापाला आणा. कानशीने लांबवलेलं भोक म्हणजे पुढच्या तक्रारीची तारीख.

कान तडकण्याचं खरं कारण

प्लेट आणि कान यांना बोल्ट खुंटीसारखा अडवून धरत नाही, तो त्यांना एकमेकांवर दाबतो, आणि त्या दाबातल्या घर्षणाने इंजिन जागेवर राहतं. त्यामुळे दोन तोंडांमध्ये फट नको. क्रँककेसचा कान आणि प्लेट यांच्यात दोन मिलिमीटरची फट असेल आणि बोल्ट आवळून ती बंद केली, तर अ‍ॅल्युमिनियमचा कान कायम वाकलेल्या अवस्थेत राहतो. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला तो आणखी थोडा वाकतो, आणि एक दिवस मुळापासून चीर जाते. फट फीलर गेजने मोजा, लेथवर तेवढ्याच जाडीचा स्पेसर कातून घ्या. शेवटचा बोल्ट हाताने सरकून बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर मागे कुठे तरी माप चुकलंय.

रंगाचंही तेच. पावडर कोटिंगचा जाड थर असलेल्या दोन प्लेटांमध्ये कान आवळला की तो थर हळूहळू चेपतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. नट फिरलेला नसतो, तरी जोड ढिला असतो, आणि माणूस थ्रेडलॉक शोधत बसतो. दाबाची तोंडं उघडी, नुसत्या पोलादाची ठेवा.

हेड स्टे, म्हणजे इंजिनाचं डोकं फ्रेमला बांधून ठेवणारी पट्टी, हा विसरला जाणारा तुकडा. ज्या इंजिनाच्या हेडवर किंवा रॉकर बॉक्सवर स्टेसाठी आटे किंवा स्टड आहेत, तिथे तो दिखाव्यासाठी नव्हता. तो नसेल तर इंजिन खालच्या बोल्टांवर पुढे-मागे डोलतं आणि तो सगळा भार खालच्या कानांवर येतो. स्टे मात्र सगळ्यात शेवटी लावा आणि त्याची भोकं ताण न देता जुळवा, नाहीतर हेडला एका बाजूने ओढून ठेवाल.

तेलाच्या नळ्या

फ्रेमला वेगळी ऑइल टाकी आहे आणि इंजिनाला दोन नळ्या आहेत, तर कोणती जाणारी आणि कोणती परतीची, हे अंदाजाने ठरवू नका. क्रँककेसमध्ये थोडं तेल ओता, प्लग काढून इंजिन योग्य दिशेने बराच वेळ फिरवा. ज्या नळीतून तेल बाहेर पडतं ती परतीची. नळ्या उलट लागल्या तर बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) काही मिनिटांत कोरडं पडतं. बुलेटसारख्या इंजिनाचं तेल क्रँककेसच्याच एका कप्प्यात असतं, तिथे फ्रेमची टाकी शोभेपुरतीच उरते. खूप जुन्या इंजिनांत तेल परत येतच नाही, वापरलं की गेलं. त्याला परतीची नळी शोधत बसू नये.

एवढं करूनही थरथर उरली तर

चेनची रेषा बरोबर, मऊ जागा आहे, कानांवर ताण नाही, पेंटची एकही रेघ तुटलेली नाही, आणि तरी एका ठरावीक वेगाला हँडल बधिर करणारी थरथर येते. हा बॅलन्स फॅक्टरचा प्रश्न. फ्लायव्हीलच्या वजनाने पिस्टनच्या हलणाऱ्या वजनाचा किती भाग तोलायचा, हे कारखान्याने त्या इंजिनाच्या मूळ फ्रेमसाठी ठरवलेलं असतं. सिंगलमध्ये तो आकडा बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो. दुसऱ्या फ्रेममध्ये तेच इंजिन वेगळ्याच वेगाला थरथरतं. क्रँक उघडून फ्लायव्हीलला भोकं पाडायचा मोह लगेच होतो. त्याआधी इंजिनाचं स्प्रॉकेट एका दाताने मोठं किंवा लहान करून बघा. थरथर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर राहते, पण आपण रोज ज्या वेगाने चालवतो तिथून ती बाजूला सरकते, आणि पुष्कळ वेळा तेवढंच पुरतं. स्प्रॉकेट बदललं की चेनची रेषा मात्र पुन्हा पट्टी लावून मोजा, कारण दुसऱ्या कारखान्याच्या स्प्रॉकेटचा बॉस (मधला जाड भाग) हमखास वेगळ्या जाडीचा निघतो.